धारणेआधीची शाल

दासरी कोटय्याने आयुष्यात दोनच कामं केली. तीस वर्षं सरकारी बसमध्ये तिकिटं फाडली आणि तीस वर्षं अवधानात बसून कवींना छळलं. पहिल्या कामाची त्याला पेन्शन होती. दुसऱ्याचं काही मिळत नसे, पण नरसरावपेटेत त्याला मान होता तो त्या दुसऱ्याच कामामुळे.

अवधान म्हणजे काय, हे एके काळी आंध्रात शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. कवी मधोमध बसतो, समोर आठ पृच्छक. एक म्हणतो अमुक विषयावर पद्य कर, दुसरा म्हणतो हे चार शब्द त्यात आलेच पाहिजेत, तिसरा अक्षराअक्षराला अडवतो. कवीने एकाला एक चरण द्यायचा आणि पुढच्याकडे वळायचं, असे चार फेरे. कागद नाही, पेन नाही. एक जण मनात येईल तेव्हा घंटा वाजवतो, ती किती वेळा वाजली ते शेवटी सांगायचं. आणि आठवा असतो तो निव्वळ वात्रट. विषय सोडून भलतंसलतं बोलत राहायचं आणि कवीची तंद्री मोडायची, एवढंच त्याचं काम. कवीने त्यालाही तिथल्या तिथे उत्तर द्यायचं आणि डोक्यातलं पद्य सांडू द्यायचं नाही. सगळ्यात शेवटी धारणा: सगळी पद्यं, पहिल्यापासून, ओळीने, नुसत्या आठवणीतून. धारणा झाली तर अवधान झालं. नाही झाली तर काहीच झालं नाही, मग मध्ये कितीही टाळ्या पडलेल्या असोत.

कोटय्या हा तो आठवा. शिक्षण सातवी. विनुकोंड्याच्या बसमध्ये एकदा एका म्हाताऱ्या अवधानी कवींनी त्याच्याशी बस कुठे थांबवावी यावरून वाद घातला. वाद घाटापासून गावापर्यंत चालला, अख्खी बस हसत होती, आणि उतरताना पंडितजींनी हात जोडून सांगितलं की पुढच्या पौर्णिमेला माझ्यासमोर येऊन बस, मला तुझ्यासारखाच माणूस हवा आहे. तेव्हापासून जिल्ह्यात अवधान म्हटलं की आठव्या जागेवर कोटय्या, हे ठरून गेलं. बसमध्ये कोंबडीचं तिकीट मागणाऱ्या आणि नवऱ्याचं तिकीट नाकारणाऱ्या बायांशी तीस वर्षं बोललेल्या माणसापुढे भल्याभल्या पंडितांची बोलती बंद व्हायची.

त्याच्या उतारवयात त्याला तिरुपतम्मा सापडली. विणकराची मुलगी, तिशीची, जवळच्या गावातल्या सरकारी शाळेत तेलुगू शिकवणारी. कोटय्याला ती ‘बाबाय’ म्हणजे काका म्हणायची आणि चार वर्षं दर रविवारी त्याच्या ओसरीवर येऊन सराव करत होती. कोटय्याची बायको वेंकायम्मा शेजारी चिंच निवडत बसायची, आणि कोटय्या तिरुपतम्माला मधेच विचारायचा की सीता वनवासात निघाली तेव्हा घराची किल्ली कुणाकडे ठेवली होती. तिरुपतम्मा उत्तर द्यायची, वेंकायम्माची चिंच हसता हसता सांडायची, आणि पद्याचा पुढचा चरण जिथे थांबला होता तिथूनच निघायचा. पोरगी तयार झाली होती. तिचं पहिलं अवधान नरसरावपेटेच्या रामालयात करायचं, असं कोटय्याने मनाशी धरलं होतं.

तसं केलं असतं तर बरं झालं असतं. पण फोन आला. गद्दे वंशीधर नावाचा गृहस्थ अमेरिकेहून बोलत होता. मूळचा शेजारच्या गावचा, त्याच्या बापाला कोटय्याने शेकडो वेळा बसमध्ये जागा दिलेली. त्याची विश्व तेलुगू वैभव समिती गुंटूरच्या मोठ्या हॉटेलात संमेलन भरवत होती. दोनेक हजार लोक येणार होते. तेलुगूची खरी परंपरा परदेशातल्या मुलांनी बघायला हवी, म्हणून अवधान हवंच, असं तो म्हणाला. कोटय्याने एकच अट घातली: दोन तास, आणि धारणेसकट. वंशीधर म्हणाला की अंकल, तुम्ही म्हणाल तसं. कोटय्या भुलला. लहान देवळापेक्षा मोठा मांडव बरा, असं त्याला वाटलं, आणि हे वाटणं पुढे त्याला महागात पडलं.

संमेलनाची निमंत्रणपत्रिका आली ती सबंध इंग्रजीत. तेलुगूच्या विकासासाठी बोलावलेल्या पाहुण्यांना तेलुगू वाचता येत नसेल अशी भीती समितीला वाटली असावी. कोटय्याला बसवरच्या पाट्यांपुरतं इंग्रजी येत होतं. त्यात त्याने तिरुपतम्माचं नाव शोधलं आणि ते सापडेना. मेडिकलच्या दुकानातल्या ओळखीच्या पोराने दाखवलं तेव्हा कळलं की तिचं नाव ‘टीरू’ असं छापलंय. फोन केला तर उत्तर मिळालं की मोठं नाव पोस्टरवर बसत नाही. देवीचं नाव आहे, आजीने नवस करून ठेवलेलं, आणि ते पोस्टरवर बसत नाही. तिरुपतम्मा मात्र हसली आणि म्हणाली, ‘जाऊ दे बाबाय, अवधान होऊ दे. नाव नंतर वाढवू.’

रविवारी सकाळी दहाची वेळ होती. दहा वाजता दीप लावला, मग दीप लावणाऱ्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्यांचा सत्कार. सव्वाअकराला अवधानाचं नाव पुकारलं. त्याआधी वंशीधरने कोटय्याच्या हातात एक कागद दिला. त्यावर सहा प्रश्न टाइप केलेले होते. अमक्या नटाने मागणी घातली तर काय कराल, असा एक होता. स्वयंपाकाला कुठलं तेल चांगलं, असा दुसरा, कारण तेलवाले संमेलनाचे प्रायोजक होते.

‘अंकल, तुम्ही हेच विचारा. आमच्या टीमने बसून काढलेत,’ वंशीधर म्हणाला.

‘बाबू, आधी ठरवून विचारलं तर ते भलतंसलतं कसं राहील?’

वंशीधर मोठ्याने हसला आणि कोटय्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेला. जणू कोटय्याने कार्यक्रमातलाच एक विनोद सांगितला होता.

तिरुपतम्मा साधी हिरवी साडी नेसून मधोमध बसली. सात पृच्छक अर्धवर्तुळात, आणि कडेला कोटय्या आपला माईक घेऊन. पहिल्या फेरीत पुढच्या रांगा मोबाइलमध्ये होत्या. मागे मात्र निवृत्त मास्तर, पाहुण्यांचे ड्रायव्हर, वाढप्यांच्या पोशाखातली मंडळी भिंतीला टेकून उभी होती, आणि पहिला चरण पडताच त्यांच्या माना हलल्या. कोटय्याला हुरूप आला.

‘अवधानीगारू, या हॉलात एवढा गारठा का हो? आमच्याकडे माणसाला एवढ्या गारठ्यात मेल्यावर ठेवतात.’

‘तुमचा आवाज येतोय, म्हणजे तुम्ही तरी आहात,’ ती शांतपणे म्हणाली. ‘बाकीच्यांचं टाळ्या पडल्या की कळेल.’

टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीत कोटय्याने विचारलं की समोरची मंडळी तुमच्या पद्याला माना का डोलावत नाहीत. ती म्हणाली की डोलावतायत, खाली घातल्यात, आता वर यायच्या आहेत. तेव्हा पुढच्या रांगेतलेही हसले आणि खरोखर वर बघायला लागले. तिसऱ्या फेरीपर्यंत तर परदेशातून आलेली दोन-चार पोरं खुर्च्या सोडून पायरीवर येऊन बसली होती. घंटावाला मुद्दाम चरणाच्या ऐन मध्यावर घंटा मारत होता आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. चार वर्षांची मेहनत कोटय्याला डोळ्यांसमोर फळताना दिसत होती. आता चौथी फेरी, आणि मग धारणा.

तेवढ्यात दाराशी बँड वाजला. प्रमुख पाहुणे आले होते. सूत्रसंचालन करणारी पोरगी धावत व्यासपीठावर आली, इंग्रजीत तिने टीरूचे आभार मानले आणि सगळ्यांना जोरदार टाळ्या वाजवायला सांगितलं. मागून एक जण शाल घेऊन आला.

तिरुपतम्मा उठून उभी राहिली आणि हात जोडून मागे सरकली. ‘धारणा व्हायचीय,’ ती म्हणाली.

सूत्रसंचालिकेला वाटलं, पोरगी लाजते आहे. लोक कौतुकाने हसले. शालवाल्याने मागून येऊन शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि फोटो काढून घेतला. आता हे त्या माणसाला कुणी सांगावं, की अवधानी मधेच पद्य विसरला, त्याला काही केल्या आठवेना, म्हणजे वडीलधारी मंडळी उठून त्याच्या अंगावर शाल घालतात आणि त्याला सांभाळून खाली उतरवतात. धारणेआधी शाल पडते ती फक्त हरलेल्या अवधानीवर. या मातीत जन्मून एवढी साधी गोष्ट ज्यांना ठाऊक नाही, ते भाषेचा विकास करायला निघाले होते. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

तिने शाल काढली, नीट घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. मग व्यासपीठाच्या कडेला, पडद्यामागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसली. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. कोटय्याने पाण्याची बाटली पुढे केली, तिने मानेनेच नको म्हटलं.

‘सहा पद्यं आहेत, बाबाय. सगळी तीन पायांवर उभी आहेत,’ ती डोळे न उघडता म्हणाली. ‘मला बोलायला लावू नका.’

कोटय्या वंशीधरला गाठायला गेला. भाषणानंतर फक्त पंचवीस मिनिटं द्या, असं त्याने विनवून सांगितलं. वंशीधर घड्याळ बघत होता. भाषणानंतर जेवण, जेवणानंतर फ्यूजन नाच, सगळं मिनिटामिनिटाला बांधलेलं होतं.

‘आणि अंकल, तिचं झालंच आहे की. धारणेत काय, तेच तेच पुन्हा म्हणणार. लोकांनी ऐकलंय ते.’

कोटय्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेच तेच! सहा अर्धी पद्यं, एका माणसाच्या डोक्यात, कशाचाही आधार नसताना उभी, आणि हा त्याला तेच तेच म्हणतो. याच्या बापाला बसमध्ये जागा दिली ती चूक झाली, असंही त्याला क्षणभर वाटून गेलं. पण तो काही बोलायच्या आत व्यासपीठावर पाहुण्यांचं नाव पुकारलं गेलं, आणि ते ऐकून तो जागच्या जागी थांबला.

तोटकूर भास्करराव. नवशिखर शाळांचे मालक. त्यांच्या नरसरावपेटेच्या शाळेत कोटय्याची नात जश्विता तिसरीत होती. नाव सुनेने ठेवलेलं, अर्थ कोटय्याला अजून कळलेला नाही. मुलाने, सांबशिवाने, नोकरीच्या गावाहून फोन करून शाळा ठरवली होती, अर्ज कोटय्याने भरला होता आणि रोज सकाळी स्कूटरवरून तिला सोडायला तोच जात होता. त्या शाळेत फाटकाच्या आत तेलुगू बोलायची बंदी होती. तेलुगू हा विषय पाचवीपासून, तोही आठवड्यातून दोनदा.

आणि भास्कररावांचा विषय होता, जागतिकीकरणाच्या युगात तेलुगू भाषेचा विकास.

भाषण सुरू झालं. चार शब्द तेलुगू, चाळीस इंग्रजी. आपली भाषा किती गोड, परदेशी लोकसुद्धा तिला पूर्वेकडची इटालियन म्हणत, वगैरे. कोटय्याची जागा अजून व्यासपीठाच्या कडेला तशीच होती आणि त्याचा माईक कुणी बंद केलेला नव्हता. तो जाऊन आपल्या जागेवर बसला.

‘भास्कररावगारू,’ तो म्हणाला, ‘हे इटलीच्या लोकांना कुणी कळवलंय का? ते स्वतःला पश्चिमेकडचे तेलुगू म्हणतात का?’

हॉल हसला. सगळ्यांना वाटलं, हेही ठरलेलंच आहे. भास्कररावही मोठ्या मनाने हसले आणि पुढे बोलू लागले. दहा वर्षांत तेलुगूचा जगभर ब्रँड करायचा, असं त्यांनी जाहीर केलं.

‘ब्रँड झाल्यावर बोलायची परवानगी मिळेल का?’ कोटय्याने विचारलं. ‘की तेव्हाही वर्गाबाहेर उभं राहायचं?’

या वेळी हसू अर्धंच आलं. वंशीधर खालून हाताने खुणा करायला लागला. कोटय्याने तिकडे पाहिलंच नाही. त्याने सरळ सांगून टाकलं: माझी नात तुमच्या शाळेत आहे. गेल्या महिन्यात तिला तहान लागली, तिने तेलुगूत पाणी मागितलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला उन्हात उभं केलं, आणि पाणी दिलं नाही ते नाहीच. घरी येऊन ती रडली नाही, फक्त आजीला म्हणाली की आता मला तहान लागत नाही.

 पण भास्करराव मुरलेला माणूस होता. त्याने माईक हातात घेतला आणि आता अगदी स्वच्छ तेलुगूत, गोड आवाजात विचारलं, ‘पेद्दायना, तुम्ही वडीलधारे, पण आमची शिस्त प्रवेश-अर्जावर छापलेली असते. तुमच्या अर्जावर सही कुणाची आहे?’

‘माझी.’

‘रोज सोडायला कोण येतं?’

‘मीच.’

‘मी गाडी पाठवून तुमच्या नातीला उचलून आणलं नव्हतं. गावाजवळच तेलुगू शाळा आहे, तिथे ही आताची आमची अवधानी शिकवते, असं ऐकतो. तिथे तुम्ही नात घातली नाहीत. मग रागावलायत कुणावर?’

आता हॉल हसला, दिवसभरात सगळ्यात मोठ्याने. तीस वर्षं कोटय्याने हे हसू ऐकलं होतं. कवी त्याची जिरवायचा, लोक हसायचे, आणि त्याला ते दक्षिणेसारखं वाटायचं. आजचं हसू तसं नव्हतं. आज त्याची जिरवणारा कवी नव्हता, पोरांना तहानलेलं ठेवणारा माणूस होता, आणि त्याचा शब्द न् शब्द खरा होता.

‘स्वतःवर,’ कोटय्या म्हणाला. ‘पण तेवढ्याने तुम्ही सुटत नाही.’

माईक बंद झाला. कुणीतरी दंडाला धरलं. पण ज्याने तीस वर्षं खच्चून भरलेल्या बसच्या मागच्या दारातून पुढच्या ड्रायव्हरला हाक मारली, त्याला माईक काय करायचाय? त्याने उभं राहून सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की या पोरीचं अवधान अजून संपलेलं नाही, ज्यांना धारणा ऐकायची असेल त्यांनी बाहेर पोर्चमध्ये या. ज्यांना जेवायचं असेल त्यांनी जेवावं.

बहुतेकांनी जेवणच पसंत केलं, खोटं कशाला सांगा. सात पृच्छकांतले पाच आले, दोघे भास्कररावांबरोबर फोटोला थांबले. पण ते भिंतीला टेकलेले मास्तर आले, ड्रायव्हर आले, वाढपी आले, पायरीवर बसलेल्या परदेशी पोरांतली एक मुलगी आली. गाड्यांच्या मधोमध पन्नास-साठ माणसं जमली. तिरुपतम्मा खालीच मांडी घालून बसली. न आलेल्या दोघांचे प्रश्न कोटय्याने आठवणीतून सांगितले, आणि तिने सहाही पद्यांचे शेवटचे चरण ओळीने दिले.

मग धारणा. धारणेत आठव्या पृच्छकाने बोलायचं नसतं. कोटय्या गाडीच्या बॉनेटला टेकून गप्प उभा राहिला, आणि ती पहिल्या पद्यापासून निघाली ती सहाव्याच्या शेवटच्या अक्षरापर्यंत कुठेही थांबली नाही. घंटा तेवीस, तिने सांगितलं. घंटावाल्याने हातातला कागद बघून मान हलवली. कोटय्या सगळ्यांसमोर रडला आणि त्याने डोळे पुसलेही नाहीत. तिरुपतम्माने पाणी मागितलं आणि एका ड्रायव्हरने दिलेल्या दोन बाटल्या एका दमात संपवल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खांद्यावर शाल घातलेल्या ‘टीरू’चा. खाली लिहिलं होतं की युवा अवधानीचा संमेलनात यथोचित गौरव झाला.

मंगळवारी सकाळी कोटय्या जश्विताला घेऊन शाळेच्या फाटकाशी पोचला तेव्हा वॉचमनने तिला आत सोडलं नाही. त्याने एक पाकीट दिलं. आत इंग्रजी पत्र होतं. कोटय्याने ते नातीपुढे धरलं. तिने खणखणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता, सगळं पत्र वाचून दाखवलं. कोटय्याला तिचं कौतुक वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

‘म्हणजे काय लिहिलंय त्यात?’

‘मला काय माहीत? अर्थ मिस सांगतात, तात.’ आजोबांना ती तात म्हणायची.

समोरच्या मेडिकलमध्ये जाऊन त्याने त्या ओळखीच्या पोराला अर्थ विचारला. पालकाने संमेलनातल्या वर्तनाबद्दल लेखी माफी मागावी, इंग्रजीत. तोवर मुलीला वर्गात बसता येणार नाही. पोराने चाचरत विचारलं की मी लिहून देऊ का. कोटय्याने फक्त एक कोरा कागद आणि पेन मागितलं.

काउंटरवर वाकून त्याने माफी लिहिली. तेलुगूत, आणि नातीच्या नावाने. ‘जश्विता तल्ली, माझ्या बाळा, तुझी भाषा मी स्वतःच्या हाताने तुझ्याकडून काढून घेतली आणि रोज स्कूटरवरून त्या फाटकाशी पोचवत राहिलो. चूक माझी. तुझा तात.’ खाली त्याने सही केली, अर्जावर केली होती तशीच, आणि कागद तिच्या हातात दिला.

जश्विताने तो उलटासुलटा करून पाहिला. चेहऱ्याजवळ नेला. मग हिरमुसून त्याच्याकडे बघत म्हणाली, ‘तात, हे मला वाचता येत नाही.’

 त्याने तिला दुकानाच्या पायरीवर बसवलं, शेजारी स्वतः बसला आणि तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. समोरचं फाटक लागलं तरी दोघं उठली नाहीत.